मिठाचा हात

आमच्या वाडीतून हवापालटासाठी बाहेर पडलेली पहिली माणसं म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पाठीवर. तिथे वारा असा की वाळत घातलेल्या लुगड्यावर धोंडा ठेवला नाही तर ते दुसऱ्याच्या परड्यात जाऊन बसायचं. त्यामुळे आम्ही हवा खायला निघालोय हे कळल्यावर सगळी वाडी हसत होती. "आपल्या डोंगरावरची हवा सरली काय गो?" असं बायका मला पाणवठ्यावर विचारायच्या. मी घागर उचलून चालू लागायचे. तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं, इतका माझा स्वभाव तेव्हा तिखट होता. आता मवाळ झालाय असं मी म्हणते, घरातले म्हणत नाहीत.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझे यजमान मुंबईला गोदीत कारकून होते. खाणावळीत जेवायचे, एका खोलीत दाटीवाटीने झोपायचे. त्या वर्षी हिवतापाने त्यांना असं धरलं की घरी आले ते ओळखू येईनात. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोंगरावरची थंडी यांना सोसायची नाही, खाली खाडीच्या काठी महिनाभर राहा, ताजं जेवा आणि काही काम करू नका. यांच्या कचेरीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचं दासगावला खाडीवर छोटंसं घर होतं, वर्षातला बराच काळ कुलपातच. ते म्हणाले, खुशाल राहा. चूल आहे, भांडी आहेत, स्वयंपाक तेवढा तुमचा तुम्ही करायचा.

या शेवटच्या अटीवरच माझं सगळं अडलेलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम काही महिने मी नवऱ्याबरोबर काढले होते. मला मुंबईला घेऊन जावं, वेगळं बिऱ्हाड करावं, असं यांच्या मनात होतं. माझ्या तर त्याशिवाय मनात दुसरं काही नव्हतंच. पण मामंजी म्हणजे माझे सासरे, त्यांनी होकार दिला नव्हता. "तिनं एकटीनं कवा चूल सांभाळलीय?" असं ते म्हणायचे. शेवटी ठरलं ते असं: आम्ही दासगावला राहायचं, महिना संपताना मामंजी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथे येऊन जेवणार आणि मग काय ते सांगणार. नाही म्हणाले तर मी वाडीवर परत आणि हे खाणावळीत परत.

भात घरात आलं, मळणी उरकली आणि आम्ही खाली उतरलो. बरोबर तांदूळ, कुळीथ, नाचणीचं पीठ, सुकी मासळी, मिरच्या, सगळं बांधून घेतलं होतं. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीतून खाडी दिसायची. सकाळी लाँच यायची, तिचा भोंगा वाजला की हे लहान मुलासारखे धावत धक्क्यावर जायचे आणि कोण आलं, कोण गेलं ते येऊन मला सांगायचे. आम्हाला त्यातलं कुणी ठाऊक नसायचं, तरी आम्ही त्यावर अर्धा तास बोलायचो. घरी दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. इथे मी दिवसभर बोलत होते. यांचा ताप बहुधा माझ्या बडबडीला कंटाळूनच गेला असावा.

पहिल्या दिवशी एक कोळीण दाराशी आली. तिच्याकडून ताजी कोळंबी घेतली, वाटण घातलं, चांगलं लालभडक कालवण केलं. वास असा सुटला की मलाच माझा अभिमान वाटला. यांना पान वाढलं आणि समोर बसले. हे गपचूप जेवत होते. विचारलं, "कसं झालंय?" तर म्हणाले, "चांगलं असणार. पण माझ्या तोंडाची चव गेलीय गो. तापानं जीभच मेली वाटतं." आणि उदास होऊन पानातला भात चिवडत राहिले.

त्यांचं झाल्यावर मी जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि तसाच तोंडात राहिला. कालवणात मीठ नव्हतं. भातातही नव्हतं.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई अगदीच बावळट होती. आमच्या घरी आम्ही तीन सुना आणि चुली दोन. कोण दळतंय, कोण वाटतंय, कोण फोडणीला बसलंय याचा पत्ता नसायचा. माझ्या लग्नाआधी कधीतरी थोरल्या आणि मधल्या जावेने एकाच कालवणात मीठ घातलं होतं आणि पाहुण्यांसमोर मामंजी पानावरून उठले होते. त्या दिवसापासून आत्याबाईंनी मिठाचं मडकं वरच्या फळीवर ठेवलं. सगळं रांधून झालं की आम्ही हाक मारायची, मग त्या यायच्या आणि प्रत्येक भांड्यात आपल्या हाताने मीठ घालायच्या. दुसऱ्या कुणी त्या मडक्याला हात लावायचा नाही. चार वर्षं मी पन्नास प्रकारचं रांधलं होतं, पण चिमूटभर मीठ माझ्या हाताने कशात पडलं नव्हतं. त्या दिवशी कालवण उतरवून मी सवयीने थांबलेसुद्धा असेन, कुणीतरी येईल म्हणून.

मी उठले आणि पडवीत जाऊन यांना सांगितलं की तुमची जीभ जिवंत आहे. ते आधी माझ्याकडे बघतच राहिले आणि मग असे हसले की खोकला लागला. आजारपणानंतर ते मोकळेपणी पहिल्यांदा हसले ते तेव्हाच. मी पण हसले, पण आतून घाबरले होते. महिन्याच्या शेवटी येणारं जेवण मला दिसायला लागलं होतं.

मग शिकणं सुरू झालं. आत्याबाई पाच बोटं जुळवून मडक्यातलं खडेमीठ उचलायच्या आणि वरून टाकायच्या, एवढंच मी बघितलेलं. मीही पाच बोटांनी उचललं, पण माझा हात त्यांच्यापेक्षा मोठा, त्यामुळे ते कालवण शेजारच्या मांजरानेही सोडलं. यांनी त्यावर एक खेळ काढला. पहिला घास घेऊन खाडीकडे बघायचे आणि गंभीर चेहऱ्याने "भरती" म्हणायचे, नाहीतर "ओहोटी". मी रागावून एकदा हातातला आमटीचा डाव घेऊन यांच्या मागे धावले होते. हळूहळू भरती-ओहोटी कमी झाली. कुळथाचं पिठलं जमलं, पेज जमली, मासळी जमली. एका संध्याकाळी हे काहीच बोलले नाहीत, नुसता आणखी भात मागितला. तेव्हा मी आत जाऊन डोळे पुसले.

ठरलेल्या दिवशी मामंजी आणि आत्याबाई पोलादपुराहून सर्व्हिस मोटारीने आले. आत्याबाई जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसल्या होत्या. वरंधच्या बाजूला माहेरी जायचं तरी त्या पायी जायच्या. वाटेत पोटातलं सगळं बाहेर आलं होतं, चेहरा पांढराफटक. "ते ढकलगाडं परत नको गो माझ्या नशिबी," म्हणाल्या. मी त्यांना पाणी दिलं, चुलीजवळ उबेला बसवलं. भात, कालवण, आमटी, सगळा स्वयंपाक तयार होता. मीठ घालून झालं होतं, यांनी चाखून मान डोलावली होती. केळीची पानं तेवढी कापून आणायची राहिली होती. म्हणून मी परसात गेले.

पानं वाढली. मामंजींनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. तांब्या उचलून घटाघट पाणी प्याले. यांनी घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं, पण भरती म्हणायची आज सोय नव्हती. मी तर बरोबर घातलं होतं.

"कालवण कोणी केलं?" मामंजींनी विचारलं.

"मी," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी कालवण पानाच्या कडेला सारलं. मग यांना म्हणाले, "तुझी तब्येत सुधारलीय, ते दिसतंय. पन हिला अजून एखादं वरीस घरीच ऱ्हाऊ दे. घाई नाय."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात चुलीकडून आत्याबाईंचा आवाज आला.

"मीठ माझं हाय."

सगळे वळले. आत्याबाई खाली बघत होत्या. "ही पानं आणायला गेली न् माझा हात गेला. सवयीनं. डोकं गरगरत व्हतं, इचारलं पन नाय. हिनं आदीच घातलेलं असनार. आमटी चाखा, तिला माझा हात लागला नाय."

त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. एक सून आणखी वर्षभर घरात राहिली असती, दोन जास्तीचे हात शेताला मिळाले असते. आणि मिठात आत्याबाईंची चूक झाली असं आमच्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मामंजींनी आमटी भातावर ओढली, कालवली, खाल्ली. पुन्हा ओढली. सगळं पान पुसून झाल्यावर म्हणाले, "मंग हिला येगळी चूल द्या रे. दोघी मिळून मीठ घालाया लागल्या तर मी जेवायचं कवा?"

आठवड्याने आम्ही लाँचने निघालो, पुढे बाणकोटला मुंबईची आगबोट. आत्याबाई मुद्दाम धक्क्यावर आल्या होत्या, आणि त्याही चालत, वाटेत मुक्काम करून, कारण मोटारीचं नाव काढू देत नव्हत्या. त्यांच्याकडे फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. मी घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी आपला हात मागे घेतला आणि पुरचुंडी धक्क्याच्या दगडावर ठेवली.

"हातात देत नाय गो. मीठ हातात दिलं की भांडान व्हतं म्हंतात. आपलं कवा झालं नाय, आता कशाला?"

मी वाकून ती दगडावरून उचलली, आणि तशीच त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. भोंगा दुसऱ्यांदा वाजला तरी मला उठवेना.