सेन्सरसमोरची माळ

खराडीच्या आयटी कंपनीत असताना मला शहरातल्या एका सरकारी कार्यालयाची वीज वाचवायला पाठवलं होतं. उन्हाळा दरवर्षी जास्तच तापत होता आणि तिथले दिवे-पंखे माणूस असो नसो, चालूच. उपाय सोपा होता, छताला सेन्सर लावायचे. हालचाल थांबली की सगळं आपोआप बंद. पण त्यासाठी तीन विभागांनी एकत्र यायला हवं होतं. शिडी उद्यान विभागाकडे, तार विद्युतकडे आणि खिळा ठोकायचा अधिकार स्थापत्यकडे! प्रत्येक बैठकीत मला चहा मिळाला आणि "बघू" मिळालं. शेवटी वैतागून शिडीपासून खिळ्यापर्यंत सगळं आमच्या कंपनीनंच आणलं आणि सेन्सर बसवले.

काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत सहज डोकावलो, तर रिकाम्या हॉलमध्ये सगळे दिवे लख्ख. वर पाहिलं. सेन्सरसमोर गणपतीच्या आराशीतली चमकी माळ टांगलेली होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं मजेत डुलत होती.

"हे काय आहे?" जेवून परतलेल्या हेडक्लार्कना मी विचारलं.

"अहो, आम्ही शांत बसून काम करतो. तुमचं यंत्र आम्हाला गैरहजर धरतं. सारखे हात कोण हलवणार?"

"पण इतक्या उंचावर ही लावली कशी?"

ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "उद्याननं शिडी दिली, विद्युतनं तार दिली, स्थापत्यनं खिळा ठोकला. अर्ध्या तासात काम झालं."