अकरावं आणि बारावं पान

ईरा, निहार,

हे मी आपल्या घरात कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, आणि तुमचे आजोबा तर तेव्हा नव्हतेच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही लगेच म्हणाल, जाऊ दे गं आजी. ते मला नको आहे. म्हणून लिहिते आहे.

हौसाआजीबद्दल आहे. तीच — व्हिडिओ कॉलवर फोन इतका जवळ धरते की तुम्हाला तिचं नुसतं कपाळ दिसतं, आणि विचारते, "तितं भाकरी मिळती का रं?" आम्ही पुण्याहून कासार आंबोलीला राहायला आलो त्याच आठवड्यात तिने मला सांगितलं होतं, ही तुमची फुलझाडं हितं जगायची न्हाईत. जगली नाहीत. मग तिने स्वतःच खड्डे खणून घेवडा लावला. मला विचारलंसुद्धा नाही. आमची मैत्री तशीच — ती ठरवते, मी वहीत लिहून ठेवते.

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून गावात मी "बाई". औषधाची चिठ्ठी असो की बँकेचं पत्र, इंग्रजी अक्षर दिसलं की कागद माझ्याकडे येतो. आणि बाईंनी वाचलं की वाचलं, तो कागद पुन्हा दुसऱ्या कोणाला दाखवत नाहीत. हा मान मला आवडायचा. सांगूनच टाकते, फार आवडायचा.

नऊ वर्षांपूर्वी हौसाला सरकारी नोटीस आली. मुळा नदीच्या काठचा तिचा मळा — तिथली वांगी तुम्ही लहानपणी खाल्ली आहेत — म्हणे सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण. महिन्याभरात हरकत घ्या, नाहीतर जागा सोडा. तिचा मुलगा बंडू हेलपाटे घालून जुन्या कागदांच्या नकला घेऊन आला. इंग्रजांच्या काळातली बारा पानं. हौसाने ती माझ्यापुढे ठेवली. मी आधी पेन्सिलीने प्रत्येक पानावर आकडा घातला. माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिली दहा पानं म्हणजे नुसतं भांडण. नदीच्या काठाला भराव घालून नवी जमीन झालेली. लष्कर म्हणे, आमचा तळ इथे पडतो, आमची घोडी इथे पाणी पितात, जागा आमची. कलेक्टर म्हणे, भरावाची जमीन सरकारची, लष्कराने आपल्या तंबूंपुरतं बोलावं. दोघेही एकाच राजाचे नोकर! वर्षानुवर्षं एकमेकांना टोमणे मारायचे आणि खाली सही करायची — आपला आज्ञाधारक सेवक. मी मराठीत सांगत होते आणि हौसा हसून हसून डोळे पुसत होती. "भांडत्यात बी किती अदबीनं," म्हणाली. "आमच्या जावांना शिकवा की हे, बाई."

मग अकरावं पान आलं. लष्कराच्याच एका मोजणीवाल्या साहेबाने लिहिलं होतं की हा भराव लष्कराने घातलेला नाही, सरकारनेही नाही. राणू नावाच्या शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोने पाच उन्हाळे पाट्यांनी माती वाहिली, दगडाचा बांध रचला आणि नदीतून ही जमीन वर काढली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. बाराव्या पानावर कलेक्टरने ते मान्य केलं होतं. राणू म्हणजे हौसाच्या सासऱ्यांचा आजा. ते नाव मी तिच्याकडून कितीदा तरी ऐकलं होतं.

दोन्ही पानं मी मनातल्या मनात वाचली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी म्हणाले, "यात घोड्यांच्या चाऱ्याचं आहे. तुझ्या कामाचं काही नाही."

का? — आदल्याच दिवशी बंडू आमच्या ओट्यावर बसून सांगत होता, मळा नावावर लागला की विकायचा, महाळुंग्याला नवव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा आणि आईला घेऊन जायचं. हौसा डोळे मिटून लिफ्टमध्ये कशी उभी राहणार ते करून दाखवत होती. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही नुकतेच तिकडे परदेशात गेला होता. ती गेली तर मला न विचारता माझ्या घरात येणारं कोण उरलं? एवढंच. त्या कागदाने मळा वाचला असता की नाही, मला ठाऊक नाही. पण मी खोटं बोलले ते असा काही विचार करून नाही.

मुदत टळली. मळ्याला तारेचं कुंपण पडलं. बंडू मारुंजीत एका खोलीत राहतो, टेंपो चालवतो. त्या खोलीत आईला जागा नाही. म्हणून हौसा इथेच राहिली. मला हवं होतं तेच झालं ना? माझा पाय मोडला तेव्हा दोन महिने तिनेच मला आंघोळ घातली. मी घालू दिली.

गेल्या गुरुवारी मी तिला ते कागद आणायला सांगितले. पत्र्याच्या डब्यात तसेच होते, माझ्या आकड्यांसकट. शेवटची दोन पानं मी शब्दन् शब्द मराठीत वाचली. आणि सांगितलं की हे मला तेव्हाही वाचता आलं होतं.

ती म्हणाली, "नाव परत वाचा."

मी वाचलं.

"आन् त्याच्या बायकूचं?"

साहेबाने तिचं नाव लिहिलं नव्हतं.

तिने दोन्ही पानं माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "बंडू म्हनत हुता, पुन्याच्या वकिलाला दावू. मीच न्हाई म्हनले. म्हनलं, बाईंनी वाचलंय, बाईंपरीस शाना झालास व्हय? तवापासनं त्यो माज्याशी धड बोलत न्हाई."

कागद पदरात घेऊन ती गेली.

बंडूचं मला खरंच ठाऊक नव्हतं. की मी कधी विचारलंच नाही?

काल मारुंजीला गेले. बंडूला दारातच सगळं सांगितलं — आईने तुला अडवलं ते माझ्या शब्दावर. त्याने ऐकून घेतलं. मला बसा म्हणाला नाही. खिळ्यावरची टेंपोची चावी काढली, खोलीला कुलूप लावलं आणि निघाला.

मी बसने परत आले. हौसाच्या दारात टेंपो उभा होता. मी माझ्या घरी गेले.

आजी