एका घोट्याचे चार मालक

चिखलीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे आणि माझा तापट स्वभाव गावाला ठाऊक आहे. या धंद्यात गोड बोलावं लागतं म्हणतात. मी ओरडते, तरी पेशंट येतात. त्या सकाळी मात्र समोरच्या पोरीवर ओरडायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं.

पोरगी उंद्रीची, शाळेच्या कबड्डी संघातली चढाईपटू. अंगाने काटक, मैदानात बेफाम आणि बाहेर आली की गाय. सरावात तिचा उजवा घोटा मुरगळला होता. हाड शाबूत होतं, पण लिगामेंट ताणलं होतं. विभागाच्या संघाची निवड महिनाभराने खामगावच्या सामन्यांतून व्हायची होती आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा राहिली तर राहिलीच. बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला तपासून माझ्याकडे पाठवलं. मी हलके व्यायाम शिकवले. आठवडा झाला तरी सूज उतरायचं नाव घेईना, उलट वाढली.

"दिवसभर करतेस तरी काय या पायाचं?" मी विचारलं.

तिने अगदी सरळपणाने सांगितलं. सकाळी क्रीडाशिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे बर्फ लावायचा आणि मग पाय मोकळा व्हावा म्हणून मैदानाला चकरा मारायच्या. दुपारी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी बांधून पाय उशीवर ठेवायचा. संध्याकाळी पट्टी सोडून माझे व्यायाम. आणि जेवण झालं की आई गरम विटेने शेकून तेल लावून खसाखसा चोळायची.

"अगं, मग एखाद्याला तरी नाही म्हणायचं!"

"कोणाले नाई म्हणू, मॅडम? सर म्हणजे सर. डॉक्टरसाहेब एवढे मोठे. तुमी तं रागावता. अन् मायले नाई म्हटलं तं थे रडते."

आमच्याकडे पोरींना हेच तर शिकवतो आम्ही, मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. तिने कोणाचाच पडू दिला नव्हता. सगळं ओझं त्या बिचाऱ्या घोट्याने उचललं होतं.

मी त्याच रविवारी पोरीसकट चौघांना दवाखान्यात बोलावलं. डॉक्टर मितभाषी, इस्त्रीच्या शर्टातले. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. क्रीडाशिक्षक आले ते दारातूनच बोलत आले. आई शेतातून परस्पर आली होती आणि डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. डॉक्टरांनी स्वतः उठून तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः व्यायामाच्या बाकावर बसले. मग चहा आला, कचोरी आली, आणि भांडण सुरू झालं.

"मॅडम, पोरगी वाघीण हाय. बसवून ठेवली तं गंजून जाईन," सर म्हणाले.

"पळवली तर कायमची बसेल," मी म्हणाले.

"मग माह्या विटेनंच बिघडलं का?" आईचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी चहा संपवला आणि शांतपणे कामं वाटली. पळण्याची वेळ कधी आली ते डॉक्टर सांगतील. रोज पायाकडून काय करून घ्यायचं ते मी पाहीन. मैदानात उतरल्यावर सगळं सरांचं, पण पायाविषयी मी थांबा म्हटलं की थांबायचं. वीट आणि चोळणं बंद. पोरीचं खाणं, झोप आणि रात्री पायाखाली उशी, हे आईकडे. "हे आमच्यापैकी कोणालाच जमणार नाही," असं ते आईला म्हणाले, तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

"अन् माहं काम?" कोपऱ्यातून पोरीने विचारलं.

"खरं सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "दुखलं तर दुखतंय म्हणायचं. कोणासमोरही."

तिने मान हलवली. मला काही भरवसा वाटला नाही. तिच्या तोंडी 'काई नाई, बरं हाय' एवढंच होतं.

मग दर रविवारी चहा ठरून गेला. घोटा सुधारत गेला. आधी एका पायावर तोल, मग चालणं, मग पळणं, मग चढाई. सर माझ्याशी दरवेळी वाद घालायचे आणि दरवेळी ऐकायचे. मला त्या रविवारांची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू.

खामगावला सरांबरोबर मीही गेले. तिथे तिने पहिले दोन सामने गाजवले. तिसरा अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटं उरली होती, गुण बरोबरीत, आणि कडेला निवड करणारी मंडळी मांडीवर कागद घेऊन बसलेली. एका पकडीतून सुटून ती मध्यरेषेवर आली आणि क्षणभर थांबली. लंगडली नाही. तोंडही वाकडं केलं नाही. मला काही दिसलं नाही, सरांनाही नाही. तिने आमच्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"सर, मले बाहेर घ्या. दुखून राह्यलं."

सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. सरांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा निवड समितीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बदली खेळाडू आत पाठवली. मी तिचा बूट काढत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सामना आम्ही हरलो. परतीच्या जीपमध्ये चिखली आल्यावर सर म्हणाले, "माह्यानं तं एवढं खरं बोलणं झालं नसतं बा."

ताण किरकोळ होता, चार दिवसांत उतरला. तिचं नाव यादीत आलं. पहिल्या दोन सामन्यांतल्या चढायांनी काम केलं होतं. सरांनी पेढ्यांचा डबा थेट माझ्या टेबलावर आपटला.

ती अमरावतीला शिबिराला गेली आणि आठवड्याने तिचा फोन आला. तिथले डॉक्टर वेगळं सांगतात, फिजिओ वेगळं, प्रशिक्षक तिसरंच.

"मग तू काय केलंस?" मी धास्तावून विचारलं.

"काई नाई, मॅडम. तिघाइलेबी कँटीनमंदी बोलावलं. चहा सांगितला."