आप्पांचा व्यायाम आणि भुरी म्हैस

उतारवयात नियमित व्यायामासारखा दुसरा धर्म नाही. निवृत्तीनंतर कापड्याला परतल्यावर हे वाक्य मी देवळात नारळ फोडून, गळ्यातली शाल सावरत उच्चारलं. (खुर्चीत बसून. माझे गुडघे दुखतात.) समोर गावातली म्हातारी मंडळी होती, आणि पहिल्याच रांगेत दटावून आणलेले माझे वडील, आप्पा.

आप्पांची साखर वाढली होती. "रोज चालले नाहीत तर पाय गमावून बसतील," असं महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ज्या पायांनी जन्मभर डोंगरावर गुरं चारली, ते आता ओटीवरून उतरत नव्हते!

"पण चालायचं कुठं?" आप्पांनी विचारलं.

"कुठं नाही. नुसतं चालायचं."

"नुसतं? लोक काय म्हणतील!"

त्यांचंही खरं होतं. आमच्याकडे सकाळी रिकाम्या हातानं भराभरा चालणारा माणूस एक तर मयताला निघालेला असतो, नाही तर भांडायला.

पहिल्याच सकाळी आप्पांचे जुने सोबती दगडूनाना अंगणातून ओरडले, "आप्पा, कुठं चाललाव?"

व्यायामाला म्हणायची लाज वाटली. आप्पा बोलून गेले, "भुरीला बघतोय. म्हैस रातच्याला घरी आली नाय."

भुरीला मरून चाळीस वर्षं झाली होती!

नानांनी काठी घेतली आणि सोबत निघाले. दुपारपर्यंत गावभर कुजबुज : "आप्पांचं डोकं फिरलंय. पण कोणी तोडून बोलू नका रे." आठवड्याभरात सगळी म्हातारी मंडळी माळावर चढून हाका घालू लागली, "भुरेऽऽ, ये गोऽऽ!" त्या हाकांनी मला अंथरुणात बालपण आठवे. भुरीच्या पाठीवर बसून ओढ्यात शिरणं, तिचं धारोष्ण दूध... डोळे भरून येत. मग मी कूस बदलत असे.

आप्पांची साखर उतरली. "कसं जमवलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्रबोधन," मी म्हणालो.

पण गावाला आप्पांची फारच दया आली. एका सकाळी नाना वरंधच्या मेहुण्याकडून मागून आणलेली काळीकुळकुळीत म्हैस घेऊन दारात! मागे अख्खी मंडळी.

"आप्पा, घावली बघा तुमची भुरी!"

"काळी कशी रे?"

"रानात उन्हानं करपली."

आप्पांनी एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा नानांच्या ओल्या डोळ्यांकडे. "हीच ती," म्हणाले आणि तिच्या मानेवरून हात फिरवला.

संपलं, मला वाटलं. आता शोधायला काय उरलं? आप्पा पुन्हा ओटीवर!

पण दुसऱ्याच दिवशी म्हैस पळाली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी पहाटे खिडकीतून पाहिलं. आप्पा स्वतःच तिचं दावं सोडत होते, आणि कुंपणापाशी दोन काठ्या घेऊन नाना उभे होते.

अजून रोज मंडळी म्हैस शोधून आणतात, आणि तिचं दूध साय न काढता मी पितो. गेल्या महिन्यात तपासणीत साखर निघाली. माझी.