उलटी बसलेली कडी

आमचे बाबा लढाईत बॉम्बफेकी विमानावर नॅव्हिगेटर होते. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात पडद्याआड बसायचं, मिणमिणत्या दिव्याखाली नकाशावर रेघा ओढायच्या आणि कप्तानाला दिशेचा आकडा सांगायचा. खाली काय पेटलंय ते त्यांनी कधी पाहिलं नाही. पुढे पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढले. घरी आले की आडवे व्हायचे. आई वैतागायची, "सगळ्या जगाचा शीण यांनाच!"

शिणाचं कारण मला पुढे आईनेच सांगितलं. एका परतीच्या वाटेवर बाबांच्या टेबलावरचं होकायंत्र गोळी लागून फुटलं. उरलं फक्त कप्तानापुढचं. त्याच्या काचेभोवतीची कडी फिरवून दिलेल्या आकड्यावर आणायची, मग सुईचं लाल टोक कडीवरच्या लाल खुणेवर येईल असं विमान वळवायचं. दमलेल्या कप्तानाने कडीच उलटी बसवली, आकड्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला. झालं! विमान नाकासमोर निघालं, पण घराकडे पाठ करून, ढगांतून, समुद्रावर. बाबांना शंका आली. ते उठून पुढे गेले, बघितलं, गुपचूप कडी फिरवली आणि एवढंच म्हणाले, "आता असं जाऊ दे." पेट्रोल पुरलं नाही. विमान पाण्यात उतरवावं लागलं. शेपटीतला गनर बाहेर आलाच नाही.

आता कप्तान मरणाला टेकला होता. त्याच्या बायकोचा फोन आला, "डोळ्याला डोळा नाही यांच्या. एकच विचारत राहतात, चूक कुणाची?"

हॉस्पिटलात जाताना मी बाबांना बजावलं, "खरं काय ते सांगा हं. उगाच मोठेपणा नको." ते नुसतं हूं म्हणाले.

कप्तान उशीला टेकून बसला होता. "खरं सांग. कडी मी उलटी लावली, की आकडाच तू उलटा दिलास?"

"आकडा मी उलटा दिला," बाबा म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

कप्तान उशीवरून पुढे झुकला. "आणि इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास? त्या गनरच्या आईपुढे मान खाली घालून मी उभा राहिलो रे! चालता हो!"

बाहेर आल्यावर मी ताडताड बोलले. बाबा म्हणाले, "दमलोय गं. घरी चल."

थोड्याच दिवसांत कप्तान गेला. झोपेत गेला, म्हणे. त्याच्या बायकोचा निरोप आला, "तुमच्या वडिलांना अंत्यविधीला आणू नका."

बाबा तेव्हा दाढी करून, कोट चढवून, दारापाशी बूट घालत होते. मला सांगावंच लागलं. त्यांनी मान हलवली, दुसराही बूट घातला, नाडी नीट बांधली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले.