गल्लीचा चार्ज

विमला परब बोलायला लागली की माणसं नकळत रांगेत उभी राहतात. गिरणीतली नोकरी सुटलेल्या मालवणी बापाची ही थोरली लेक भांडुपच्या चाळीत वाढली आणि पोलिसात उपनिरीक्षक झाली. नणंदेच्या लग्नात तिनं बुफेची अशी शिस्त लावली की वरपक्षाचे मामा दुसरा गुलाबजाम घ्यायला धजले नाहीत. नवरा हर्षद तिला घरातही ‘मॅडम’ म्हणतो आणि त्यात सगळीच चेष्टा नसते.

वरिष्ठ समोर आले की मात्र या बाईचा आवाज बसायचा. साहेबांनी चुकीच्या नावानं हाक मारली तरी उत्तर एकच, “होय सर.”

त्या सकाळी मुलुंडच्या एका गल्लीत रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनं गॅसची पाइपलाइन फोडली. सगळ्यांत आधी पोचले ते विमला आणि हवालदार लवू. खड्ड्यातून गॅस फुसफुसत होता आणि बरोबर त्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, खुब्याचं ऑपरेशन झालेले अनंत राजाध्यक्ष अंथरुणात होते. हा गॅस वर चढतो. ठिणगी पडली असती तर पहिली खिडकी त्यांचीच होती.

सोसायटीचा सेक्रेटरी यज्ञेश धावत आला. “मॅडम, लाउडस्पीकर लावून सगळ्यांना खाली बोलावू?”

“बोलवा ना. फक्त स्विच दाबायच्या आधी मला गल्लीबाहेर जाऊ द्या.”

यज्ञेश दारं ठोठावायला पळाला. पायी.

विमलानं गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधली आणि स्वतः मोठ्या रस्त्याकडच्या दोरीपाशी उभी राहिली. ट्रेनिंगमधलं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं एकच होतं : अशा जागी हुकूम एकाचाच चालतो. जो आधी पोचला तो प्रमुख, आणि दुसरा कुणी तोंडानं चार्ज घेईपर्यंत तोच प्रमुख.

“लवू, वर जा. लिफ्ट नको, बेल नको, दार हातानं वाजव. काकांना खुर्चीत बसवून मागच्या जिन्यानं आण.”

“आणि म्हातारो येवक नाय म्हणालो तर?”

“सांग, मॅडमनी बोलावलंय.”

लवू आत गेला आणि एसीपी साहेबांची गाडी थेट दोरीला येऊन टेकली. साहेबांना उशिरा पोचून घाई करायची सवय होती.

“परब, हा काय तमाशा? पार्क केलेल्या गाड्या काढा आणि बंब आत घ्या. चला!”

साहेबांचा आवाज दणदणीत. तो ऐकून दोरीबाहेर जमलेल्या दोन-तीन गाडीवाल्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या, एक जण तर दोरीखालून वाकलाही.

“होय स...” विमलाच्या तोंडून निघालं. तिनं वर बघितलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत लवूची टोपी हलत होती.

“नाही सर,” ती म्हणाली.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. आपल्या मागे आणखी कुणी सर उभा असेल असं त्यांना वाटलं असावं.

“गाडी चालू करताना ठिणगी उडते, सर. गॅसवाले वॉल्व्ह बंद करेपर्यंत आत एकही इंजिन नको. ओ स्विफ्टवाले, मागे व्हा!”

“मी सांगतोय ना?”

“तुम्ही चार्ज घेताय का सर? तसं वायरलेसवर कंट्रोल रूमला कळवते. मग हुकूम तुमचा.”

तिनं सापळा वगैरे लावला नव्हता, शिकवलेलं विचारलं होतं. पण वायरलेसवर गेलेला शब्द नोंदीत राहतो, हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

“मी... पाहणीसाठी आलोय,” ते म्हणाले.

“मग ही दोरी धरता, सर? माणसं कमी आहेत.”

साहेबांनी दोरी धरली. किल्ल्या हळूहळू खिशात परत गेल्या.

तेवढ्यात मागच्या बोळातून खुर्ची आली. एका बाजूला लवू, दुसऱ्या बाजूला घामाघूम यज्ञेश आणि मध्ये अनंतराव. “डावीकडे घ्या! अरे, मी बँकेत मॅनेजर होतो, सिमेंटचं पोतं नाही!”

“काका, गप्प बसा!” विमला ओरडली. “हुकूम सोडणारे इथं भरपूर आहेत.”

अनंतराव गप्प बसले. त्यांची सून गेली तीन वर्षं त्यांना हेच सांगू पाहत होती.

वायरलेस खरखरला. “कंट्रोलकडून. घटनास्थळी प्रमुख कोण?”

विमलानं पुढून खुर्ची धरली होती, तिचे दोन्ही हात अडकलेले होते. साहेबांनीच तिच्या खांद्यावरच्या वायरलेसचं बटण दाबलं.

“उपनिरीक्षक परब,” ते म्हणाले आणि खुर्ची जाऊ द्यायला दोरी वर उचलून उभे राहिले.