मधात येणं

मी तिरोड्याला अकरावीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी, एका रविवारी दुपारी, स्वयंपाकघराच्या दारात बसून धड्यातले शब्द बघत होते. घरात अबोला होता. सासऱ्यांनी मोटारसायकलसाठी टिनाचं शेड घालताना गोठ्यावर चढलेला पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा वेल कापून टाकला होता. तो सासूबाईंनी लावलेला, फुलावर आलेला. तेव्हापासून दोघं माझ्यामार्फतच बोलत.

"काय वाचून राहिली?" तांदूळ पाखडता पाखडता सासूबाईंनी विचारलं.

"इंटरव्हीन, मामीजी. लॅटिनमधून आलेला शब्द. इंटर म्हणजे मधात, आणि पुढचा तुकडा म्हणजे येणं."

"सिनेमाच्या इंटरव्हलमधला इंटर?"

"तोच."

मग मी सांगत गेले. भांडण सोडवायला कोणी आलं तरी हाच शब्द. ठरलेल्या कामात पाऊस आडवा आला तरी हाच. दोन घटनांच्या मध्ये वर्षं गेली, तरी इंग्रजीत ती वर्षं मधात आली असंच म्हणतात. मुळात त्यात चांगलं-वाईट काही नाही, नुसतं येणं आहे.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग तू काऊन येत नाही मधात?"

सासू-सासऱ्यांच्या भांडणात पडू नकोस, असं माझ्या आईनं लग्नातच बजावलं होतं. म्हणून मी निरोप तेवढे पोचवत होते. पण आता खुद्द सासूबाईच म्हणत होत्या. मी उठून अंगणात गेले.

"मामाजी, वेल कापायच्या आधी त्यांना विचारायला हवं होतं."

सासरे बाजेवर बसले होते. ते हळूच म्हणाले, "बुड जित्तं आहे. फुटवे आले. मी रोज पाणी टाकून राहिलो."

"मग त्यांना सांगा ना."

"तू सांग."

"मी आता निरोप नेणार नाही."

ते उठले, गोठ्यामागून बांबू आणले आणि फुटव्यांसाठी मांडव बांधायला लागले. सासूबाई दारातून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"तिकडं नोको. सावली पडते तिथं."

"मंग कुठं बांधू?"

"इकडं ओढा."

"इकडून गाडी कशी काढू?"

मी म्हटलं, गाडी पलीकडून काढता येईल.

"तू थांब," दोघंही एकदमच म्हणाले.

मला हसू आलं. मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तेव्हा सासरे गाठ मारत होते आणि सासूबाई ती सोडत होत्या.